ओम्नीच्या टपावरचा घरगुती कॅरिअर: दोनदा बांधलेल्या एका कामाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्यातला सहा जणांचा एक गट. दिवाळी झाली की फेब्रुवारीपर्यंत, महिन्यातून दोनदा सह्याद्रीत. कधी नुसती भटकंती, कधी एखाद्या कड्यावर रॅपलिंग, म्हणजे दोराला धरून खाली उतरणं, वर्षातून एकदा कोकणात उतरून मुक्काम. गाडी गटातल्याच एकाची, त्याला सगळे दादा म्हणतात. २०११ ची मारुती ओम्नी, आठ आसनी, ७९६ सीसीचं इंजिन. घाटात दुसऱ्या गिअरवर कण्हत चढते, पण आजवर कुणाला ढकलायला लावलेलं नाही.

गटाचा हिशेब आणि नोंदवही माझ्याकडे असते. कॅरिअरचं सगळं प्रकरण त्या वहीत तारीखवार आहे, म्हणूनच हे लिहिता आलं. माणसांची नावं मुद्दाम घातलेली नाहीत.

अडचण

सहा माणसं बसली की मागच्या बाकाचा उरलेला कोपरा सोडून ओम्नीत सामानाला जागा राहत नाही. आम्ही सामान मांडीवर, पायाखाली, दाराला टेकवून नेत होतो. टोपात हेल्मेट, हेल्मेटात कांदे. मधल्या बाकावरच्या माणसाला उतरायचं तर आधी दोराची पिशवी उतरवावी लागे.

गैरसोय चालून गेली असती. पण एका परतीच्या प्रवासात पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला आणि कॅराबिनरची, दोर अडकवायच्या कड्यांची, पिशवी, म्हणजे बारा किलो लोखंड नि अॅल्युमिनियम, मागच्या बाकावरून सुटून मधल्या माणसाच्या पाठीत बसली. लागलं थोडक्यात. त्या रात्री ठरलं: टपावर कॅरिअर बसवायचा.

काय आणि किती वर न्यायचं, हे मात्र त्या रात्री कुणी विचारलं नाही.

समोर असलेले पर्याय

दोन गाड्या न्याव्यात, तर पेट्रोल आणि टोल दुप्पट, शिवाय दुसरा चालवणारा हवा. मागचा बाक काढून टाकावा, असंही एकाने सुचवलं. पण नोंदणी पुस्तकात आसनं आठ लिहिलेली आणि गाडीत पाच, हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ला धरून नाही. कंपनीने मुळात ठरवलेला तपशील आणि नोंदणीतला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करू नये, असं ते कलम सांगतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. तो पर्याय तिथेच संपला.

बंद पेटीसारखे तयार बॉक्स देखणे असतात. पण ते आडव्या दांड्यांवर बसतात, आणि किंमत ऐकून दादा म्हणाला, "त्यात माझी अर्धी गाडी येईल." नाना पेठेत ओम्नीचे तयार कॅरिअर मिळत होते. ते उंचीने चांगले, लांबीने तोकडे वाटले. आज मागे वळून पाहताना तोच आकार बरोबर होता असं दिसतं. तेव्हा आम्हाला पूर्ण टपभर कॅरिअर हवा होता.

राहिला घरगुती पर्याय. ओम्नीच्या टपाला दोन्ही बाजूंनी पन्हळ आहे, पावसाचं पाणी अडवणारी पत्र्याची दुमड. हल्लीच्या बहुतेक गाड्यांना ती नसते. या पन्हळीत क्लॅम्प, म्हणजे बोल्टने आवळायची पकड, अडकवला की टपाला एकही भोक न पाडता कॅरिअर बसतो आणि हवा तेव्हा काढता येतो. शाळेच्या मुलांची दप्तरं वाहणाऱ्या व्हॅनवर हीच पद्धत असायची.

पहिला कॅरिअर

चौकोनी पाइप, एक इंच बाय एक इंच, सोळा गेज (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचं माप; आकडा वाढला की जाडी कमी). वीस फुटी चार नळ्या भवानी पेठेतून टेम्पोवर टाकून आणल्या. अॅल्युमिनियमचा विचार झाला होता. वजन लोखंडाच्या एक तृतीयांश भरतं, हा मोठा मोह. पण तितक्याच जाडीची नळी लवतेही तिप्पट, आणि अॅल्युमिनियम जोडायला टिगसारखं वेगळं वेल्डिंग लागतं. आमचे फॅब्रिकेशनवाले काका साध्या वेल्डिंगचे. आणखी एक अडचण: अॅल्युमिनियमला लोखंडी बोल्ट लावून गाडी कोकणात खाऱ्या हवेत नेली, तर दोन धातूंच्या सांध्यापाशी अॅल्युमिनियम खात जातं.

काकांचा हात चांगला होता. मापं घेऊन त्यांनी आधी टाके मारून चौकट उभी केली, मग गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का बघून पूर्ण वेल्ड केली. एकाच गोष्टीवर त्यांच्याशी वाद झाला. क्लॅम्प कशाला, पाय थेट पन्हळीला वेल्ड करतो, कायमचं काम होईल, असं त्यांचं म्हणणं. दादा तयारही झाला होता. मी नको म्हटलं. वेल्डच्या आचेने आतला रंग जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. छताच्या आतल्या कापडाला आग लागायची भीती वेगळी. आणि कायमचं बसवलं की ते सामान राहत नाही, गाडीतला बदल होतो. काका जरा नाराज झाले. या प्रकरणात आम्ही पहिल्या झटक्यात बरोबर घेतलेला हा बहुधा एकच निर्णय.

बाकी आकार आमचाच: सात फूट बाय चार फूट, सहा इंचांचा कठडा, सहा आडव्या पट्ट्या, आणि सामान खाली पडू नये म्हणून तळाला वीस गेजचा अखंड पत्रा. चार कोपऱ्यांना चार पाय. रेड ऑक्साइड, वर काळा रंग. काका कठड्यावर हात आपटून म्हणाले, "साहेब, हत्ती बसवा वर."

वजन करायचं कुणालाच सुचलं नाही. टपावर चढवताना चार जण लागले, तेव्हा आम्ही हसलो.

कुठे चुकलं

चाचणीला ताम्हिणीला निघालो. वर साठेक किलो सामान, त्यात पाण्याचे वीस लिटरचे दोन भरलेले कॅन. चांदणी चौक ओलांडून वेग साठच्या पुढे गेला आणि गाडीत एक घुमणारा आवाज सुरू झाला, कुणी बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा. पिरंगुटपर्यंत बोलणं अशक्य झालं. खड्ड्यातून गेलं की टप "टक्" करून आत जायचं आणि "टक्" करून परत यायचं, तेलाचा डबा दाबल्यासारखं.

पौडला चहाला थांबलो आणि कॅरिअर बघितला. पुढचा डावा क्लॅम्प पन्हळीवरून दोन सेंटिमीटर मागे सरकलेला. जिथून सरकला तिथला रंग सोललेला, आणि पन्हळीची धार बोटाने चाचपली तर किंचित बाहेर वळलेली. दादाने काही न बोलता सगळं सामान खाली काढलं. अर्धं मांडीवर घेऊन तिथूनच परतलो.

दुसऱ्या दिवशी कॅरिअर उतरवून भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवला. सत्तेचाळीस किलो. पत्राच त्यातला अठरा किलोचा.

आता हिशेब मांडा. लहान गाड्यांच्या पुस्तिकेत टपावरच्या वजनाची मर्यादा दिली असेल, तर ती साधारण ५० ते ७५ किलोच्या घरात असते, आणि कॅरिअरचं स्वतःचं वजन त्यातच धरलेलं असतं. आम्ही सत्तेचाळीस अधिक साठ, म्हणजे १०७ किलो घेऊन निघालो होतो, तेही अरुंद, उंच, आधीच डोलणाऱ्या गाडीच्या डोक्यावर. काकांचं वाक्य खोटं नव्हतं. कॅरिअरवर हत्ती बसला असता. प्रश्न कॅरिअरखालच्या पत्र्याचा होता. आम्ही ताकद मोजली ती लोखंडाची, आणि वजन जात होतं ते चार ठिकाणी, पन्हळीच्या दोन-दोन इंचांवर.

वाऱ्याचंही गणित नंतर केलं. ताशी ८० किलोमीटरला समोरून येणाऱ्या हवेचा दाब चौरस मीटरला तीसेक किलो भरतो. वेग निम्मा केला तर दाब चौथाई होतो, साडेसात किलो. तळाचा अखंड पत्रा आणि टप यांच्यामधल्या चार इंची फटीत हवा कोंबली जाऊन वर उचलत होती, आणि ब्रेक मारला की तेच ओझं पुढे ढकलत होतं. क्लॅम्प फक्त घर्षणावर धरून. तो सरकला नसता तरच नवल.

वजनाची रविवारची बैठक

दुसरा कॅरिअर बांधण्याआधी एक काम केलं, जे सगळ्यात आधी करायला हवं होतं. गटातल्या एका ताईंच्या घरचं भुसार मालाचं दुकान आहे. रविवारी दुपारी, दुकान बंद असताना, सगळं सामान तिथल्या काट्यावर एकेक करून चढवलं.

अकरा मिलिमीटरचे शंभर मीटरचे दोन दोर, सोळा किलो. लोखंडी सामान बारा. तीन तंबू साडेदहा. सहा चटया अडीच. सहा हेल्मेट अडीचला थोडी कमी. टोप, स्टोव्ह, छोटा सिलिंडर, भांडी मिळून चौदा. सहा जणांच्या सॅक अठ्ठेचाळीस. आणि पाणी चाळीस. बेरीज १४५ च्या थोडी वर.

काट्यावरचा आकडा बघून ताई म्हणाल्या, "अरे, पण पाणी पुण्यातून कशाला नेतोय आपण?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. पहिल्या कुठल्यातरी उन्हाळी ट्रेकला नेलं होतं, मग पद्धत पडली. पायथ्याच्या गावात पाणी असतंच, तिथे भरून घेता येतं. चाळीस किलो एका वाक्यात गेले.

मग वर काय जाईल, हे ठरवलं. नियम साधा: हलकं आणि फुगीर वर, जड आणि जिवाचं आत. तंबू, चटया, रिकामे टोप, रिकामे कॅन, ताडपत्री वर. सगळं मिळून तेवीस किलो. जड लोखंड बाकाखाली, जमिनीलगत, बांधून.

दोर वर नेण्याचा मोह सगळ्यांनाच होता, कारण ते जागा खातात. पण दोर नायलॉनचे. उन्हातली अतिनील किरणं नायलॉन कमकुवत करतात आणि बाहेरून बघून ते कळत नाही. ज्या दोरावर माणूस कड्यावरून लटकणार, तो धुरात नि उन्हात टपावर टाकायचा नाही. हेल्मेटही त्याच कारणाने आत. सिलिंडर वर न्यायचा प्रश्नच नव्हता.

एवढं सगळं झाल्यावर खरं तर कॅरिअरची गरज उरते का, असा प्रश्न एकाने काढला. मला तो रास्त वाटला होता. पण तंबू आणि चटया यांचं वजन नसलं तरी आकारमान आहे, आणि मधल्या माणसाची पाठ सगळ्यांच्या लक्षात होती.

दुसरा कॅरिअर

पाच फूट बाय पावणेचार फूट. चौकट त्याच सोळा गेजच्या पाइपची, जुनीच कापून. आडव्या पट्ट्या सहाऐवजी चार. तळाला पत्र्याऐवजी वेल्डेड जाळी, म्हणजे हवा आणि पाणी दोन्ही आरपार. कठडा पाऊण इंची हलक्या पाइपचा, तीनच बाजूंना. वजन एकवीस किलो, दोन माणसं सहज उचलतात.

जास्त वेळ पायांवर घालवला. चारऐवजी सहा पाय केले, म्हणजे ओझं पन्हळीवर पसरतं. प्रत्येक क्लॅम्पची पकड दोन इंचांवरून चार इंचांवर नेली. पन्हळीचा आडवा छेद पुठ्ठा कापून घेतला आणि काकांनी पट्टी त्या पुठ्ठ्याबरहुकूम वाकवली. दोन्ही पन्हळी समांतर नाहीत, मध्यावर टप थोडं रुंद आहे, हे तेव्हा कळलं. पहिल्या वेळी चारही पाय एकाच मापाचे करून आम्ही ते ओढून-ताणून बसवले होते. म्हणजे सामान चढवण्याआधीच पन्हळीवर ताण होता.

पाय चौकटीला वेल्ड केले नाहीत, बोल्टने जोडले, हादऱ्याने सैल न होणारे नायलॉक नट लावून. पुढच्या पायांपासून चौकटीपर्यंत तिरकस पट्टी दिली, ब्रेकच्या वेळचा पुढचा धक्का पेलायला. हिशेब असा की कॅरिअर आणि सामान मिळून पन्नासच्या आत राहिलं, तर जोरदार ब्रेकला पस्तीसेक किलोचा ढकला येतो. तो आता सहा पायांत वाटला जातो. क्लॅम्प आणि पन्हळीच्या मध्ये जुन्या ट्यूबचं रबर. रबर दबतं आणि बोल्ट सैल पडतात, म्हणून पहिल्या पन्नास किलोमीटरवर थांबून पाना फिरवायचा, हे वहीत ठळक लिहिलेलं आहे.

एक बारीक गोष्ट पहिल्या कॅरिअरने शिकवली होती. एका पावसानंतर तो हलवला तर आतून खळखळ आवाज. पाइपची उघडी तोंडं पाणी प्यायली होती. यावेळी तोंडं पत्र्याने बंद केली आणि खालच्या अंगाला पाच मिलिमीटरची भोकं ठेवली, चुकून आत गेलेलं पाणी निघून जायला.

पुढच्या पट्टीवर पांढऱ्या रंगाने "२८ किलो" लिहिलं. पन्नासातून कॅरिअर वजा करून उरतात एकोणतीस, एक किलो ताडपत्री भिजण्यासाठी सोडला.

निघण्याआधी वाळूच्या पोत्यांनी चाचणी घेतली. अठ्ठावीस किलो बांधून दादाने मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस वेळा ब्रेक मारले, आम्ही कडेला उभे राहून क्लॅम्पवर खडूने केलेल्या खुणा बघत होतो. एकही खूण हलली नाही.

पहिली खरी सहल आणि बांधणीचा धडा

आळेफाट्यावरून खिरेश्वरला, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी. कॅरिअरने काही त्रास दिला नाही. बांधणीने दिला.

सामानावर ताडपत्री, त्यावरून जुनी नायलॉनची दोरी. माळशेजच्या बाजूला अवेळी पाऊस लागला. भिजलं की नायलॉन ताणतं. आळेफाट्याला कडक बांधलेली दोरी तासाभरात सैल. पिंपळगाव जोगे धरणाच्या बांधावर आडवा वारा आला आणि ताडपत्रीत पुढून हवा शिरून ती शिडासारखी फुगली. गाडी एका बाजूला ओढली गेल्याचं स्टिअरिंगवर जाणवलं. दादाने वेग कमी करून गाडी कडेला घेतली, आम्ही भिजत सगळं पुन्हा बांधलं.

तिथून पुढे पॉलिएस्टरचे रॅचेट पट्टे, म्हणजे खटक्याने आवळायचे पट्टे, आणले, दोन आडवे, एक उभा. पॉलिएस्टर पाण्याने फारसं ताणत नाही. पट्टा वाऱ्यात फडफडून आवाज करतो, त्याला वाटेत एक पीळ दिला की गप्प होतो. ही युक्ती एका ट्रकवाल्याने ढाब्यावर फुकट सांगितली. ताडपत्रीची पुढची कड आता सामानाखाली दुमडून घेतो, वरून नाही. इलॅस्टिकच्या हुकदोऱ्या फक्त चटई दाबायला वापरतो, धरून ठेवायला नाही, कारण ज्या ताणतात त्या ब्रेकच्या वेळीही ताणतात.

परिणाम

दोन हंगाम झाले. पन्हळ पुन्हा वळलेली नाही, टप टकटकत नाही. ताशी सत्तरच्या वर जायचं नाही, असा गटाचा नियम आहे. दादा तो पाळतो, कारण ओम्नीलाही त्यावर जायची हौस नाही. एकदा महामार्गावर पोलिसांनी थांबवलं, पट्टे ओढून बघितले, सामान बाजूंना बाहेर येत नाही ना ते पाहिलं आणि सोडलं.

पेट्रोल लागतं जास्त. टाकी ते टाकी मोजलं, तर लिटरला साडेपंधरावरून चौदाच्या खाली आलं, रिकाम्या कॅरिअरसकटसुद्धा. म्हणून हंगाम नसताना तो उतरवून ठेवतो. बारा बोल्ट, वीस मिनिटं. एकदा आळस केला आणि दादाच्या सोसायटीच्या पार्किंगच्या तोंडाशी तुळईला घासून कठडा वाकला. सामान टपावर असतं तेव्हा गाडीची उंची आठवत नाही, म्हणून आता स्टिअरिंगजवळ "सव्वादोन मीटर" अशी चिठ्ठी चिकटवली आहे.

खर्च मात्र हसण्यासारखा झाला. पहिल्या कॅरिअरचा पत्रा भंगारात गेला, मजुरी दोनदा, रंग दोनदा. नाना पेठेतला तयार कॅरिअर यापेक्षा स्वस्त पडला असता.

पुन्हा करायचं झालं तर

काट्यावरची दुपार आधी, पाइप नंतर. पाण्याचा प्रश्न ताईंनी विचारला तो पहिल्याच रात्री विचारला असता, तर सात फुटांचा कॅरिअर कागदावरच पाच फुटांचा झाला असता.

तयार कॅरिअर आणून त्याचे फक्त पाय सहा करून घेणं, हा मधला मार्ग आमच्या डोक्यात आला नाही. स्वतः बांधायची हौस होती, हे कबूल करायला हरकत नाही. पहिली चाचणी वाळूने घ्यायला हवी होती, सहा माणसांनिशी घाटाच्या रस्त्यावर नव्हे.

पाय बोल्टने जोडले ते तेव्हा फक्त मापं जुळवायला. त्याचा खरा उपयोग आता होईल असं दिसतं. गाडी २०११ ची, तिच्या नोंदणीची पंधरा वर्षं भरतात. दादाने नूतनीकरण केलं तर तपासणीला जाण्याआधी कॅरिअर उतरवायचा, एवढंच काम. नवी गाडी घेतली आणि तिला पन्हळ नसली, तर चौकट तीच राहील, पाय बदलतील. काकांना विचारून ठेवलंय. ते म्हणाले, गाडी आणा, आधी पुठ्ठा कापू.